दुपारची आजी

अ‍ॅमस्टरडॅम सोडून तीन तास झाले होते. विमानाच्या मधल्या भिंतीला सात पाळणे ओळीनं अडकवले होते आणि सातही पोरं झोपेत हसत होती. कुणी हात पुढे करत होतं, कुणी ओठांचा चंबू करून न दिसणाऱ्या गालाचा पापा घेत होतं. खिडक्यांच्या झडपा ओढलेल्या, आत फिकट निळा उजेड, इंजिनाची एकसुरी घरघर. एके काळी कडेवर पोर घेऊन विमानात चढणाऱ्या बाईकडे बाकीचे प्रवासी ज्या नजरेनं बघत, ती नजर आता कुणाला आठवतही नव्हती. प्रत्येक पोराच्या स्वप्नात त्याचं त्याचं माणूस येऊन बसलेलं असे, मग रडणार कोण?

चौथ्या पाळण्यात जुई होती. सव्वादोन वर्षांची, कुरळ्या जावळाची, जागी असली की एका जागी न ठरणारी. वृंदा वाकून तिच्याकडे बघत राहिली.

"आजी," जुई झोपेतच म्हणाली आणि कूस बदलली.

वृंदानं तिचं पांघरूण सारखं केलं. पोरीनं आजीला जन्मात पाहिलेलं नव्हतं. ती आजीकडेच चालली होती, आणि वाटेतही आजीजवळच होती.

पाळण्याचं शास्त्र तसं सोपं. डोळ्यांना दिसलेलं आणि कानांना ऐकू आलेलं मेंदूत खोलवर जाण्याआधी एका देवडीवर थांबतं, आणि झोपेत त्या देवडीचं दार बरंचसं लोटलेलं असतं. वासाला मात्र देवडी नाही. आठवणी आणि माया जिथे साठतात तिथे तो नाकातून थेट पोचतो, माणूस जागं असो वा झोपलेलं. त्यात लहान मुलं मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ स्वप्नांत असतात. पापण्यांखाली बुबुळं हलू लागली की पाळण्याला कळतं. मग तो वासाची एक बारीक झुळूक सोडतो आणि पाठोपाठ हलक्या आवाजात दोन-चार शब्द. असं शेकडो वेळा झालं की पोराच्या मनात एक माणूस उभं राहतं. चेहरा पोर आपला आपण बनवून घेतं.

ज्या आजी-आजोबांना पोराच्या स्वप्नात 'पाठवायचं', त्यांनी तीन दिवस काखेजवळ एक मऊ पट्टी चिकटवायची. अंगाचा वास म्हणजे शेवटी हवेत उडणारे रेणूच. पट्टी ते टिपते, त्यांचा हिशोब तारांवरून सातासमुद्रापार जातो आणि पाळण्याच्या बुडातल्या अठ्ठेचाळीस कुप्यांतून तोच वास नव्यानं जुळवला जातो. आवाजाचे तीन तास दिले की यंत्र त्या आवाजात हवं ते बोलतं. आइंडहोवनच्या मराठी मंडळात पाळणा नसलेलं घर राहिलं नव्हतं. गणपतीच्या आरतीनंतर बायका एकमेकींना विचारत, "तुझ्या पाळण्यात कोण आहे गं? सासरचं की माहेरचं?" आणि त्यावरून दोन-तीन घरांत चांगलीच धुसफूस झाली होती.

लहान मुलांना पडदा दाखवायचा नाही, असा वृंदाच्या डॉक्टरीणबाईंचा दंडक, त्यामुळे फोनवरची आजी बाद. आणि खरी आजी, म्हणजे वृंदाची आई तारामती, जयसिंगपूरला भडंगाच्या धंद्यात गळ्यापर्यंत बुडालेली. वडील गेल्यावर तिनं लसूण-मिरचीच्या फोडणीवर घर उभं केलं, वृंदाला इंजिनिअर केलं. तिला सवड कधी नव्हतीच. वृंदाच्या लहानपणी नव्हती, तर आता कुठून असणार?

आता मात्र गरज होती. तीन आठवड्यांनी वृंदाची प्रयोगशाळेतली नोकरी पुन्हा सुरू होणार होती, आणि नवरा, सुजय, महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर. आईनं सहा महिने यावं म्हणून परतीच्या विमानात तिचंही तिकीट काढून ठेवलं होतं. तारामतीनं फोनवर एकच अट घातली होती. "पोरगी आपणहून माझ्याकडं आली तर येते. न्हाई आली तर तिथं येऊन मी काय भिंती बघत बसू?"

वृंदा हसली होती. जुई आजीकडे जाणार नाही, असं कसं होईल? रोज दुपारी दोन तास ती आजीजवळच तर असायची.

आणखी एक गोष्ट होती, ती वृंदानं सुजयलाही सांगितली नव्हती. आइंडहोवनच्या त्या करड्या दुपारी जुई झोपली की तीही पाळण्याशेजारी गालिच्यावर आडवी व्हायची. चंदनाचा, कापराचा मंद वास यायचा आणि आईचा आवाज म्हणायचा, "ये बाळा. बस माझ्याजवळ. मला कसलीही घाई नाही." वृंदा डोळे मिटून ते ऐकायची. आई असं तिच्याशी कधी बोलली नव्हती. वय वर्षं पस्तीस, पण त्या दोन तासांत तिला फार सुख वाटायचं.

मुंबईहून कोल्हापूर आणि तिथून गाडीनं जयसिंगपूर. गाडी थांबायच्या आधीच तारामती धावत गल्लीत आली. हात कोपरापर्यंत तिखटानं लाल, पदर खोचलेला, अंगाला लसणाचा असा भपकारा की ड्रायव्हरही शिंकला.

"आली गं माझी बाय! केवढी झालीया! ये की, ये की माझ्याकडं!" तिनं हात पसरले.

जुईनं एकदा तिच्याकडे बघितलं आणि असं भोकाड पसरलं की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. वृंदाच्या मानेला तिनं जी मिठी मारली ती जेवणापर्यंत सोडली नाही.

"दमलीय गं ती, प्रवास झालाय," वृंदा म्हणाली.

"व्हय, व्हय," तारामती म्हणाली, आणि पसरलेले हात तिनं पदराला पुसले.

दुपारी माडीवरच्या खोलीत पाळणा उघडला. जुई शांत झोपली. तारामती पायांचा आवाज न करता वर आली आणि उंबऱ्यात उभी राहिली. थोड्या वेळानं पाळण्यातून चंदनाचा वास दरवळला. जुईच्या ओठांवर हसू आलं. "आजी," ती म्हणाली, दोन्ही हात वर करून.

"सपनात कोण आलंय तिच्या?" तारामतीनं कुजबुजत विचारलं.

"तूच."

"मी हितं हाय की गं."

तेवढ्यात पाळणा बोलला. "ये बाळा. बस माझ्याजवळ. मला कसलीही घाई नाही." आवाज तारामतीचाच, पण शब्द एकेक धुऊन पुसून ठेवल्यासारखा. तारामती दाराला टेकून ऐकत राहिली. तिचा चेहरा वृंदाला वाचता येईना.

"अगं बया," ती शेवटी म्हणाली, "ही कोण बाई?"

कोडं मालनकाकूंनी सोडवलं. मालनकाकू म्हणजे तारामतीच्या जोडीनं वीस वर्षं कढईपुढं बसलेली बाई. पोटात काही ठेवायची सवय नाही. "पट्टी लावली न्हवती का ह्यांनी? तीन दिस घर डोक्यावर घेतलंतं! कढई बंद. सकाळ-संध्याकाळ उटनं लावून आंगूळ. लग्नातली पैठणी टरंकंतनं काढली, कापराच्या वड्यांसकट. आन् बोलायचं कसं, तर रेडिओतल्या बाईवानी! मी म्हनलं, तारावैनी, तुमी आजारी हाय का काय?"

"मग!" तारामती उसळली. "नातीला पयल्यांदाच भेटायचं, ते लसणाच्या वासानं व्हय? माणूस फोटो काढाय जाताना तोंड धुतंय का न्हाई?"

वृंदाला हसू फुटलं आणि हसता हसताच ती थांबली. गेली पावणेदोन वर्षं पोरीनं जिच्यावर जीव लावला होता, ती आई नव्हतीच. ती तीन दिवसांची पाहुणी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वृंदा खाली आली तर कढई थंड. तारामती पैठणी नेसून, केस चोपून, खुर्चीत ताठ बसलेली. अंगाला उटणं, वर चंदनाचा टिळा.

"ये बाळा," ती जुईला म्हणाली. शब्द चाचपडत येत होते. "बस माझ्याजवळ. मला कसलीही घाई नाही."

जुई थबकली. नाक वर करून हुंगलं. मग एकेक पाऊल टाकत गेली आणि तिच्या मांडीवर चढून बसली. तारामतीचे डोळे मिटले.

तीन दिवस हे नाटक चाललं. घरात सगळं हळू झालं. उन्हाचा कवडसा जमिनीवरून सरकायचा, जुई पैठणीच्या पदरावरचे मोर मोजायची, एक, दोन, सहा, आणि आजी रेडिओसारखं बोलायची. वृंदा जिन्यात बसून दोघींकडे बघायची. लहानपणापासून जी आई तिला हवी होती ती समोर खुर्चीत बसली होती. मालनकाकू मात्र दारात येऊन चुळबुळत जायच्या. गिऱ्हाइकं परत चालली होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तारामतीनं पैठणी सोडून खुंटीला टाकली आणि जुनं पातळ गुंडाळलं.

"वृंदे, लई बरं वाटलं बघ," ती म्हणाली. "पर ती माझ्याकडं न्हाई आली. ती त्या बाईकडं आली. मी सहा म्हयने तिथं येऊन तिची चाकरी करू व्हय? मी न्हाई येत." आणि ती आत जाऊन लसूण ठेचू लागली.

लसणाचा वास येताच जुई पुन्हा वृंदाला चिकटली.

वृंदानं पाळण्याच्या कंपनीला फोन लावला. सल्लागार मोठ्या गोड आवाजाची होती. वास बदलता येतो, ती म्हणाली; जुना रोज थोडा कमी, नवा थोडा जास्त, तीन महिन्यांत मुलाला पत्ताही लागत नाही. एकदम बंद मात्र करू नका. स्वप्नातलं माणूस मुलांसाठी खरंच असतं. ते एकदम गेलं तर मुलं शोधत बसतात.

परतीला अकरा दिवस उरले होते.

वृंदानं पाळण्याचं बूड उघडलं. अठ्ठेचाळीस कुप्या, नखाएवढ्या, रंग नसलेल्या. त्यांच्यासमोर ती बराच वेळ मांडी घालून बसली. तारामती वर आली, तिच्याशेजारी टेकली.

"आई, मला एक सांगायचंय," वृंदा म्हणाली. "मला ती पाळण्यातली बाई आवडते. मी पण रोज झोपायचे तिच्याजवळ."

तारामती म्हणाली, "मला कळलंतं. परवा जिन्यात बसून कशी बघत हुतीस." तिनं वृंदाच्या पाठीवर तिखटाचा हात ठेवला. "तसं बसायला मला बी आवडलं असतं गं. तुझ्या शाळंच्या टायमाला, दुपारचं, तुला जवळ घेऊन. पर वेळ कुठं हुता?"

वृंदा रडली. आईच्या मांडीत डोकं घालून, लहान पोरीसारखी रडली. रडणं ओसरल्यावर तिनं एकेक कुपी काढून डब्यात भरली, झाकण लावलं आणि पाळण्याचा आवाजही बंद केला.

पहिली दुपार वाईट गेली, दुसरी त्याहून वाईट. जुई झोपेतून उठून बसायची, पाळण्याच्या कापडाला नाक लावायची आणि आक्रोश करायची, "आजी कुठे? आजी कुठे?" डबा कपाटात होता. हात लांब केला असता तर सगळं पुन्हा होतं तसं झालं असतं. दोनदा ती कपाटापर्यंत जाऊन परत आली.

तिसऱ्या दुपारी जुईनं तोच धोशा लावला तेव्हा तारामती कढई उतरवून वर आली. तिनं जवळ घ्यायला हात पसरले नाहीत. उंबऱ्यात उभी राहून ती कामाला बोलावावं तशी म्हणाली, "गेली न्हवं आजी? मग रडून कशी घावंल? चल, हुडकू. ये की."

जुईचं रडणं थांबलं. शोधायचं, हे कुणी तिला आतापर्यंत सुचवलंच नव्हतं. तिनं डोळे चोळले आणि तारामतीनं पुढे केलेलं बोट धरलं.

आधी पलंगाखाली बघितलं. मग कपाटात, मग माडीवरच्या कोठीत, चिरमुऱ्यांच्या पोत्यांमागे. "हाय का?" तारामती विचारायची. "नाही," जुई गंभीरपणे सांगायची. मग परसात, वाळत घातलेल्या मिरच्यांच्या पलीकडे, मग मालनकाकूंच्या घरी, त्यांच्या पिठाच्या डब्यात. मग दोघी गल्लीत निघाल्या. वृंदा थोडं अंतर ठेवून मागे. दुपारची गल्ली निजलेली होती, रस्ता उन्हात पांढरा झाला होता, आणि तारामती प्रत्येक दारात थांबून खड्या आवाजात विचारत होती, "हिची आजी बघितली का वो कुणी?"

"अहो तारामावशी," शिंपीदादा मशीन थांबवून म्हणाले, "तुमीच की!"

"मी न्हवं. दुसरी. लई गुणाची हाय. चंदनाचा वास येतोय, आन् तिला कशाची म्हणून घाई नसती. दिसली तर सांगा."

"बरं," शिंपीदादा गोंधळून म्हणाले.

पायाला चटके बसू लागले तशी जुई थांबली आणि तिनं हात वर केले. तारामतीनं तिला खांद्यावर घेतलं. थोडं पुढे गेल्यावर पोरीचं डोकं तिच्या मानेत कलंडलं, नाक थेट लसणाच्या, घामाच्या, तिखटाच्या वासात. वृंदा मागे थांबून बघत राहिली. जुईनं एक शिंक दिली, डोकं दुसऱ्या बाजूला वळवलं आणि झोपली. तारामती तशीच उन्हात चालत राहिली. घर मागे पडलं तरी ती वळली नाही.

मग तो रोजचा परिपाठ झाला. चहाच्या आधी दोन तास कढई मालनकाकूंकडे, आणि दोघी शोधायला. बाजारात बघून झालं, देवळामागे बघून झालं. एकदा उसाच्या फडाच्या कडेनं लांबवर गेल्या आणि येताना जुईच्या मुठीत कसलीशी पिवळी फुलं होती. "आजी आज पण नाही मिळाली," ती वृंदाला म्हणायची, पण आता त्यात रडं नव्हतं. दुकानात गूळ मिळाला नाही, असं सांगावं तसं ती सांगायची. तारामतीला ती आजी म्हणत नव्हती. येता-जाता कानावर पडणाऱ्या 'ये की' ह्या हाकेवरून तिनं तिचं नाव ठेवलं होतं, येकी. "येकी, चल," ती दोन वाजले की कढईपाशी जाऊन उभी राहायची, आणि तारामती भरल्या कढईवरून उठायची. उभ्या जन्मात ती कुणासाठी भरली कढई सोडून उठली नव्हती.

निघायला दोन दिवस उरले तेव्हा वृंदानं भीतभीतच विषय काढला. "आई, तुझं तिकीट रद्द करायचं असेल तर आजच करावं लागेल."

"कशापायी?"

"तूच म्हणालीस ना, ती आपणहून तुझ्याकडे आली तरच. ती अजून तुला आजी म्हणत नाही."

"न्हाई म्हणत तर न्हाई," तारामती पिशवीत लसणाची चटणी भरत होती. "तिची आजी हरवलीया वृंदे. तिथं गेल्यावर बी ती हुडकणारच की. मग तिच्यासंगं फिराय कोण हाय तिथं? तू जाणार नोकरीला. परक्या मुलखात पोर एकटी हुडकंल व्हय?"

आणि तिनं मालनकाकूंना हाक मारून किल्ल्या दिल्या.

मुंबईच्या विमानतळावर तपासणीची रांग लांबलचक होती. तारामती नव्या बुटांवर वैतागलेली, पण काठपदराची साडी चापून नेसलेली. कितीही धुतले तरी हात लालच. काचेमागचे अधिकारी तरुण होते. बाप बरोबर नसताना मूल देशाबाहेर चाललं की दोन प्रश्न जास्त विचारायचे, असा नियम. त्यांनी वृंदाचे कागद बघितले, सुजयचं संमतिपत्र बघितलं, मग मान वाकवून जुईकडे पाहिलं.

"बाळा, नाव काय तुझं?"

"जुई."

"अरे वा. आणि ह्या कोण? आजी का?"

त्यांनी गमतीनं विचारलं होतं. तारामती बुटांचं दुखणं विसरून ताठ उभी राहिली. जुईनं मान वर करून तिच्याकडे बघितलं. नीट, वेळ घेऊन बघितलं.

"आजी नाही," ती म्हणाली.

अधिकाऱ्यांच्या कपाळावर आठी पडली. संमतिपत्रात सोबत आजी असं लिहिलेलं होतं. "नाही? मग कोण?"

जुईनं दोन्ही हातांनी तारामतीचं लाल बोट घट्ट धरलं. एवढंही ह्या माणसाला समजू नये, याचा तिला राग आला असावा.

"माझी!" ती म्हणाली.

"माझी कोण?"

"माझी!" ह्या खेपेला ती ओरडली, तारामतीसारखीच खड्या आवाजात, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं.

"बास की साहेब," तारामती म्हणाली. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही. "ह्याच्या फुडं आता काय इचारू नका."

साहेबांनी काही विचारलं नाही. हिरवा दिवा लागला आणि तिघी पलीकडे गेल्या.